संक्रांत ते होळी: स्वयंपाकघरातलं सरकतं ऊन

फरशीवाली

फेब्रुवारी लागला की पुण्यातल्या हौशी फोटोवाल्यांना दोनच दिशा दिसतात. एक सोलापूर रस्त्याने भिगवण (उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो बघायला), दुसरी वेताळ टेकडी. माझं यंदा दोन्हीकडे जमणार नाही. मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात कामाला आहे, मार्चअखेर डोक्यावर बसलीय, रविवारीही साहेबांचा फोन येतो आणि घरात लेकाची दहावी आहे. त्यामुळे सगळी फोटोगिरी घरातल्या घरात चालू आहे. पण त्यातून जे हाती लागतंय ते मला फ्लेमिंगोंपेक्षा जास्त आवडायला लागलंय, म्हणून हा धागाप्रपंच.

आमचं घर नारायण पेठेत, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची एक खिडकी बरोब्बर दक्षिणेला. समोरचा वाडा पाडून तिथे नुसते पत्रे ठोकून ठेवलेत, इमारत अजून उठायचीय. ती उठेपर्यंत ते ऊन आमचं. संक्रांतीच्या सुमाराला दुपारचं ऊन शहाबादी फरशीवरून पार फडताळापर्यंत येतं, आणि तिथून रोज थोडं थोडं मागे सरत होळीपर्यंत खिडकीखाली जाऊन बसतं. मी दुपारी जेवायला घरी येते, तेव्हा या उन्हाचा आणि त्यात जे काही सापडेल त्याचा फोटो काढते. ३५ मिमीची एकच लेन्स, खिडकी एकच, आणि मांडामांड करायची नाही. म्हणजे वस्तू उचलून उन्हात ठेवायची नाही. उन्हात जी असेल ती असेल.

काय असतं? मटाराची टरफलं. निवडायला घेतलेली मेथी आणि तिच्या मुळांची माती. सासूबाईंची पावलं (त्या पाय शेकत बसतात, चेहऱ्याचा फोटो काढायला सक्त मनाई, पायांना परवानगी आहे). लेकाचं भूमितीचं पुस्तक, पालथं. प्रचि (प्रकाशचित्र) ३ मध्ये जो पितळी डबा आहे त्याच्या झाकणाला पोचे आलेत. ऊन त्यावर पडलं की छतावरच्या तुळईवर कवडसा उमटतो, पण गोल नाही, पोच्यांमुळे त्यात उजळ नागमोडी रेघा पडतात. आणि आमची जमीन लाकडी तक्तपोशीवर फरशी बसवलेली, त्यामुळे पलीकडच्या खोलीत कुणी चाललं तरी तो कवडसा थरथरतो. एक अष्टमांश सेकंदाला तो थरथरता कवडसा पकडलाय, तो प्रचि ४.

तांत्रिक बाजू ज्यांना हवीय त्यांच्यासाठी: काळपट फरशी आणि तिच्यावरचा उन्हाचा तुकडा यांत प्रचंड फरक असतो. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो फरशीचं ऐकतो आणि ऊन पांढरंफटक जाळून टाकतो. मी स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजायची कॅमेऱ्यातली सोय) उन्हावर लावते, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढते आणि सावल्या काळ्या पडल्या तर पडू देते. सावल्या उचलून उचलून खोलीचा दवाखाना करायची जी हल्ली फॅशन आहे ती मला मुळीच पटत नाही.

दुसरा उद्योग गच्चीवर. सायनोटाइप, म्हणजे रसायन फासलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे ठसे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने ही पद्धत शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी तिने समुद्रशेवाळांचे ठसे काढायला घेतले. कॅमेरा लागत नाही, डार्करूम लागत नाही. दोन रसायनं, कागद, काच आणि ऊन. फेब्रुवारीचं ऊन यासाठी फार चांगलं. आभाळ निरभ्र असतं, उभं राहवतं आणि कागद घामाने ओला होत नाही. शिवाय पिंपळाची पानं गळायला लागलेली असतात. आत्तापर्यंत पिंपळाचं जाळी पडलेलं पान, शिरीषाच्या वाळक्या शेंगा, कढीपत्त्याची डहाळी आणि मेथी असे ठसे काढलेत. मेथी सगळ्यात सुंदर! पान पातळ असल्यामुळे थोडं ऊन आरपार जातं आणि आतल्या शिरा फिक्या निळ्यात उतरतात. शेंग म्हणजे नुसती पांढरी सावली, पण आतल्या बिया जिथे फुगल्यात तिथल्या कडा धूसर होतात, तेही छान दिसतं.

आता पुढचा विचार असा आहे की घरातल्या उन्हाचे हे फोटो उलटे करून, म्हणजे निगेटिव्ह करून, ट्रान्सपरन्सीवर (पारदर्शक फिल्मवर) छापायचे आणि गच्चीवरच्या उन्हात सायनोटाइप काढायचे. कुणी केलंय का? झेरॉक्सच्या दुकानातली प्रिंट चालते का? कागद कुठला घ्यावा?

मिसळप्रेमी

मी पयला! फोटो मोबाइलवर दिसत नाहीयेत, पण लेख आवडला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चक्रवाक

प्रचि ४ कडक. पण भिगवणवर एवढा राग का हो ताई? उजनीचं पाणी उतरायला लागलं की चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी उतरतात, ते आत्ताच बघायचं असतं. एप्रिलमध्ये गेलात तर उन्हाच्या झळांनी फोटोत नुसतं वितळलेलं काहीतरी येतं. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बघायला मिळतात तेही याच दिवसांत. संध्याकाळी भोरड्यांचे थवे आभाळात जे काही करतात ते फरशीवर दिसणार आहे का? लाइट घ्या.

फरशीवाली

लाइटच घेतेय, तोही खिडकीतला. :)

राग पक्ष्यांवर नाही. नावाडी शेवगाठी उधळतो, कुरव पक्षी झेपावतात, सहा नावांमधून तीस लेन्स एकदम वाजतात आणि रात्री सगळ्यांच्या भिंतीवर तोच फोटो, चोचीजवळ शेव असलेला, त्याचा कंटाळा आलाय. पाखरांना तळकट खायला घालून काढलेला फोटो मला निसर्गाचा वाटत नाही.

चक्रवाक

शेवेबद्दल शंभर टक्के सहमत. नावेत बसण्याआधीच सांगायचं, दादा काही टाकायचं नाही. बहुतेक जण ऐकतात. आणि मार्चअखेरवाल्यांसाठी कवडीपाट आहे की. पहाटे निघून कामाच्या वेळेला परत. ब्राह्मणी बदकं असतात, शेकाटे, धोबी, चित्रबलाक. नदीवर धुकं असेल तर समोरून येणाऱ्या उन्हात फक्त आकृत्या मिळतात, त्या मला रंगीत फोटोपेक्षा आवडतात. नाकाला रुमाल बांधून जा. शहराने नदीत काय काय सोडलंय ते फेसावरून कळतंच.

गणितमास्तर

या धाग्यावर कुणीतरी गणित करायला हवं होतं, ते मीच करतो.

पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास. दक्षिणेच्या खिडकीतून भर मध्यान्ही ऊन किती आत येईल हे चौकटीची वरची कड किती उंच आहे आणि सूर्य किती वर आहे यावर ठरतं. कड सात फुटांवर धरू. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो, ऊन सव्वासहा फूट आत. संक्रांतीला सहाच्या जरा अलीकडे. १५ फेब्रुवारीला सूर्य ५८ अंशांच्या वर चढलेला, ऊन सव्वाचार फूट. २१ मार्चला साडेएकाहत्तर अंश, ऊन जेमतेम सव्वादोन फूट. वाड्याच्या भिंती जाड असतात, ती जाडी यातून वजा करा.

आता गंमत. डिसेंबरअखेर हे ऊन रोज जवळजवळ तिथेच पडतं, कारण सूर्याची उत्तर-दक्षिण चाल तेव्हा थंडावलेली असते. फेब्रुवारीच्या मध्याला ते रोज अर्धा ते पाऊण इंच मागे सरतं. म्हणजे एका फरशीवर आज पडलेली कड आठवड्याने डोळ्याला वेगळी दिसतेच दिसते. तुमच्या प्रकल्पाला नेमका हाच काळ योग्य आहे.

आणि घड्याळाचे बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे त्रेहात्तर पूर्णांक पंच्याऐंशी शतांशवर, म्हणजे पस्तीस मिनिटं इथेच गेली. त्यात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य घड्याळापेक्षा चौदा मिनिटं मागे असतो. पुण्यात तेव्हा खरा मध्यान्ह १२ वाजून ४९ मिनिटांनी. तुमची जेवणाची सुट्टी कितीची?

फरशीवाली

पावणेएक ते सव्वा! मास्तर, दंडवत. आणि मला वाटायचं ऊन नेमकं मी आले की सरळ होतं हा माझा भास.

टोरंटोचा_सदाशिवपेठी

इकडे खिडकीबाहेर ढीगभर बर्फ आणि मी दुपारी चारला दिवा लावून हे वाचतोय. मास्तर, आमचं पण काढून द्या की. अक्षांश ४३.७, खिडकी दक्षिणेला.

गणितमास्तर

फेब्रुवारीच्या मध्याला मध्यान्हीचा सूर्य साडेतेहेतीस अंशांवर. त्याच सात फुटी कडेचं ऊन साडेदहा फूट आत. तुमच्या दिवाणखान्याच्या पलीकडच्या भिंतीवर चढत असेल.

टोरंटोचा_सदाशिवपेठी

चढतं! सोफ्याच्या पाठीवर. ते आलं तर. आज ढग आहेत. उद्याही आहेत.

क्लिक_थ्री

मी सत्तरी ओलांडलेला वाचक, क्वचितच लिहितो. आमच्या वेळी अगफाचा क्लिक थ्री होता, १२० चा रोल, बारा फोटो. बारा म्हणजे बारा, तेरावा मागितला तर घरचे पैसे मागायचे. पुढे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळायची. न्हाणीघरात मिट्ट अंधार करून रोल डेव्हलप करायचो, प्रिंट काढताना लाल दिवा लावायचो. सांगायचा मुद्दा थंडीचाच आहे. डेव्हलपर रसायनाला वीस अंश तापमान लागतं. मे महिन्यात त्यासाठी शेजाऱ्यांच्या फ्रीजमधला बर्फ आणावा लागे, तेव्हा आमच्याकडे फ्रीज नव्हता. फेब्रुवारीत रात्री नळाचं पाणी जवळपास तितकंच असतं, म्हणून वर्षभराचे रोल साठवून या दोन महिन्यांत धुवून काढायचो. त्यामुळे माझ्या अल्बममध्ये गणपतीचे फोटोसुद्धा शिवरात्रीच्या सुमाराचे!

शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते, तसा आमचा लाल दिवाही जायचा माळ्यावर.

फरशीवाली

काका, तुम्ही लिहीत जा हो. वर्षभराचे रोल एकदम धुताना कुठला फोटो कधीचा हे लक्षात कसं राहायचं?

क्लिक_थ्री

राहायचं नाही. बायकोच्या साड्यांवरून ओळखायचो.

नीलाक्षी

सायनोटाइप मी बऱ्यापैकी केलंय, तेव्हा प्रश्नांची उत्तरं देते.

रसायनं: फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिली पाण्यात. वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायचं, लागेल तेवढंच समसमान एकत्र करायचं. साध्या पिवळ्या बल्बखाली कागदावर फासायचं, अंधारात वाळवायचं. नावात सायनाइड बघून घाबरू नका, पण तीव्र ॲसिडपासून लांबच ठेवा, त्याच्याशी विषारी वायू निघतो. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, हातमोजे घालायचे, आणि घरात पोरं असतील तर बाटल्या कुलपात.

कागद: शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा जाऊन या. १९४० सालची संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात. सुती कागद पाण्यात भिजून लगदा होत नाही, हे महत्त्वाचं. मात्र कुठल्याही कागदात खडूची पूड असेल तर निळा रंग टिकत नाही, कारण या निळ्याला अल्कली चालत नाही. तपासायला सोपं: कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर तो कागद पत्र लिहायला ठेवा. धुवायलाही बोअरचं जड पाणी नको. तेच असेल तर लिंबू पिळा दोन थेंब.

किती वेळ: घड्याळापेक्षा रंगावर लक्ष ठेवा. पिवळट हिरवा कागद आधी निळसर, मग काळपट आणि शेवटी राखाडी-कथ्थई होतो. जास्त ऊन लागलेल्या जागा अशा 'उलटल्या' की उचलायचा. मला याच दिवसांत अकरा ते दोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग पिवळं पाणी जायचं थांबेपर्यंत धुवायचं. काच साधी चालते, ॲक्रिलिक घेऊ नका. काही ॲक्रिलिक अतिनील किरणंच अडवतं, मग तासभर बसाल आणि कागद कोराच.

झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट: काळा पुरेसा काळा नसतो, उन्हाकडे धरून बघा, चाळणी दिसेल. दोन प्रिंट एकावर एक तंतोतंत चिकटवल्या तर भागतं. इंकजेट असेल तर उत्तम. आणि तुमच्या फोटोत सावल्या काळ्याकुट्ट आहेत, त्या निगेटिव्हमध्ये कोऱ्या येतील आणि कागदावर गच्च निळ्या. मला वाटतं चालेल, पण कॉन्ट्रास्ट थोडा उतरवून घ्या, नाहीतर फरशीचा पोत हरवेल.

मिसळप्रेमी

म्हणजे ही ब्ल्यूप्रिंटच की. आमच्या वाड्याचा नकाशा होता तसला, निळ्या रेघांचा.

टीस्क्वेअर

निळ्या रेघा पांढऱ्यावर असतील तर ती ॲमोनिया प्रिंट. ब्ल्यूप्रिंटमध्ये निळ्यावर पांढऱ्या रेघा असतात, ती या सायनोटाइपची सख्खी बहीण. आम्ही सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा ॲमोनियाच होता. ट्रेसिंग खाली कागद, वरून प्रकाश, जिथे रेघ तिथे रसायन शिल्लक, मग ॲमोनियाच्या वाफेत रेघ उठायची. डोळ्यांतून पाणी काढणारी खोली असायची ती. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात तिथेच बसवायचे.

कसबेकर

धागा घरातल्या उन्हाचा आहे, पण मी गल्लीतल्या उन्हाबद्दल लिहितो. माझा प्रकल्प तांबट आळीचा. कसब्यातली ही कारागीर मंडळी पेशवाईत कोकणातून आली. पूर्वी बंब, घागरी, पातेली, आता दिवे आणि हॉटेलांची ताटंसुद्धा. मठारकाम म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देऊन जे एकसारखे चकचकीत खळगे उठवतात ते. ते दिसायला म्हणून आहेतच, पण ठोक्यांनी तांबं कडकही होतं. पत्रा घडवताना फार कडक झाला की भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात आणि पुन्हा ठोकतात.

फोटोच्या दृष्टीने सकाळचं तिरपं ऊन दारातून आत येतं तेव्हा प्रत्येक खळगा आपापलं दार दाखवतो. एका घागरीवर शेकडो छोटी दारं, प्रत्येकात उभा असलेला मी. त्यातून स्वतःला काढायला एका बाजूला सरकून खाली बसावं लागतं. हातोडी थिजवायची तर १/५०० सेकंद, पण मला १/१५च आवडतो. भांडं स्थिर, हात धुरासारखा, आणि ठोका कुठे पडला ते कळतं.

चक्रवाक

परवानगीचं काय करता? मंडईत मी कॅमेरा काढला की एखाद्या मावशी "भाजी घ्यायची का नुसते फोटो?" म्हणतात.

कसबेकर

मावशींचं बरोबर आहे, भाजी घ्यायची. आधी कॅमेरा न नेता जायचं, काम बघायचं, काम चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत. फोटो काढलेत तर पुढच्या खेपेला चार बाय सहाची प्रिंट नेऊन द्यायची, कागदाची. व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणणारे फार, देणारे कमी. एका काकांना प्रिंट दिली तर म्हणाले, "यात माझी हातोडी चुकीच्या जागी दिसतेय, परत काढ." परत काढला. त्यांचं खरं होतं, पहिल्यात ठोका पडून गेल्यानंतरचा क्षण होता. आता मी ठोक्यांचे आवाज मोजतो आणि आधी बटण दाबतो.

गिरिपुष्प

वेताळ टेकडीवर सध्या गिरिपुष्प फुललंय, निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी तुरे. पुढे पळस आणि पांगारा. सायनोटाइपवाल्यांना कळकळीची विनंती: फुलं तोडून नेऊ नका, पडलेली घ्या. पळसाची पाकळी जाड असते, तिच्यातून ऊन आरपार जात नाही, नुसती पोपटाची चोच उमटेल. त्यापेक्षा काटेसावरीची पडलेली फुलं उलगडून पुंकेसर पसरून ठेवा, ठसा बघत राहाल.

फरशीवाली

गिरिपुष्प, पुंकेसरांची आयडिया लगेच उचलली. नीलाक्षी, हातकागदचा कागद या शनिवारी आणते. व्हिनेगर घरात आहेच, लेकाच्या प्रॅक्टिकलमधून उरलेलं.

आणखी एक विचारायचंय. सासूबाईंना गच्चीवरची निळाई पसंत नाही, "सगळं शाईत बुडवल्यासारखं काय दिसतंय" म्हणाल्या. चहात टाकून तपकिरी करतात असं ऐकलंय. खरं का? घरचा चहा चालेल का, की दूध न घातलेला वेगळा करावा लागेल?

नीलाक्षी

काळा, कडक, बिनसाखरेचा. आधी धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात निळं फिकं होऊ द्यायचं, स्वच्छ धुवायचं, मग गार चहात बुडवून ठेवायचं. चहातल्या टॅनिनने तपकिरी-काळं होतं. कागदही थोडा पिवळट होतो, तो जुन्या फोटोसारखा दिसतो म्हणून काहींना आवडतो. मला नाही आवडत. मेथीचा ठसा तरी निळाच ठेवा, सासूबाईंना शेंगा द्या.

मिसळप्रेमी

फोटो दिसले! लॅपटॉपवरून. प्रचि २ मधली ती मांजर मांडामांड नाही ना?

फरशीवाली

मांजर स्वतःच्या मर्जीने आलेली आहे, आणि ती आमची नाही.

कसबेकर

काच हवी असेल त्यांच्यासाठी: जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुन्या तसबिरींच्या चौकटी मिळतात, मागची फळी आणि खिळ्यांसकट. प्रिंटिंग फ्रेम म्हणून आयत्या चालतात. या रविवारी मी सकाळी आठला जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घासाघीस मी करेन, चहा तुम्ही पाजा.

क्लिक_थ्री

मी येतो. क्लिक थ्रीचं एखादं झाकण मिळतंय का बघायचंय.